सुजलेला की झिजलेला?

[दृश्य: स्वयंपाकघर. धरलेल्या कपातला चहा हिंदकळून बशीत सांडतो.]

उजवा हात आणि चेहऱ्याची उजवी बाजू, दोन्ही एकदमच आखडतात. जेमतेम सेकंद-दोन सेकंद. पण दिवसातून कितीतरी वेळा. घरच्यांना वाटतं, अशक्तपणा असेल. मग साठी ओलांडलेला हा माणूस जेवलो की नाही तेच विसरायला लागतो, रात्र रात्र जागतो, उगाच चिडतो. शेजारीपाजारी निदान करून मोकळे: अल्झायमर!

पण अल्झायमर वर्षानुवर्षं मुरत जातो. इथे सगळं दीड महिन्यात झालंय.

[दृश्य: पडद्यावर एमआरआय.]

कानशिलाच्या आत खोलवर असतो हिप्पोकॅम्पस, नव्या आठवणी रुजवणारा भाग. अल्झायमरमध्ये तो झिजून आक्रसतो. इथे मात्र तो फुगलाय, एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या चित्रात पांढरा उठून दिसतोय. शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या एलजीआय-१ या प्रथिनावर उलटली आहे. हा ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे आलेली मेंदूची सूज. आधी बरीच वर्षं वाटायचं, हल्ला पेशींतून पोटॅशियमची ये-जा करणाऱ्या वाहिनीवर होतोय; खरं लक्ष्य एलजीआय-१ आहे, हे कळलं 2010 मध्ये. अशा रुग्णांच्या रक्तात सोडियमही बरेचदा उतरलेलं असतं.

[दृश्य: पेट स्कॅन.]

शिरेतून एफडीजी देतात. ही किरणोत्सारी खूण लावलेली साखर. 110 मिनिटांत तिचा किरणोत्सार निम्मा होतो. अल्झायमरमध्ये कानाच्या वरचा-मागचा भाग ही साखर कमी घेतो, तिथे चित्र मंदावतं. एलजीआय-१च्या आजारात हिप्पोकॅम्पस आणि बेसल गँग्लिया (हालचालींवर ताबा ठेवणारे मेंदूतले खोल भाग) अनेकदा भडक पेटलेले दिसतात.

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दालमाऊ यांनी 2007 मध्ये ओळखलेल्या एनएमडीए रिसेप्टरच्या आजारात (इथे प्रतिकारशक्ती मेंदूतल्या या दुसऱ्या प्रथिनावर उलटते) एमआरआय बरेचदा अगदी नॉर्मल येतो. आणि क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदूचा दुर्मिळ, जीवघेणा आजार? तोही आठवड्या-महिन्यांत माणूस खचवतो, त्यातही एमआरआयवर बेसल गँग्लिया उजळतात. फक्त त्यावर औषध नाही. एमआरआयच्याच डिफ्युजन नावाच्या चित्रात मेंदूच्या कडेने पांढरी फीत दिसली, की डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकते.

म्हणून रक्त आणि पाठीतलं पाणी अँटिबॉडीच्या तपासणीसाठी पाठवतात. अहवालाला दिवस लागतात. संशय दाट असेल, तर स्टेरॉइड आधीच सुरू होतात.

[दृश्य: तोच स्वयंपाकघराचा ओटा.]

हाताचे झटके सहसा लवकर थांबतात. आठवणी सावकाश येतात, काही येतच नाहीत. उपचाराला उशीर झाला, तर सूज ओसरल्यावर तोच हिप्पोकॅम्पस आक्रसू शकतो. पुढच्या वर्षीचा एमआरआय मग नुसता पाहणाऱ्याला अल्झायमरचाच वाटेल.