काळी चारचा मोझार्ट

(काळा पडदा. आधी फक्त आवाज.)

“हॅलो, चेक... चेक... वन, टू...”

हा गरब्याच्या मैदानातला आवाज. नवरात्राला दोन दिवस उरलेत. या दिवसांत बडोद्यात संध्याकाळी स्पीकरची चाचणी ऐकायची नसेल, तर कानात बोळे घालून बसावं लागतं.

आता त्याच्या खालून येणारा दुसरा आवाज ऐका. कुणीतरी तार जुळवतंय.

(दांडिया बाजार. वाड्याचा दरवाजा, अरुंद जिना, वर दिवाणखाना.)

सागवानी तुळया, कडीपाटाचं छत. सतरंज्या अंथरल्या आहेत, लोड भिंतीला लावलेत. गुडघेदुखीवाल्यांसाठी समोरच्या बेननी पंधरा प्लास्टिकच्या खुर्च्या पाठवल्यात. माइक नाही. मुद्दामच आणलेला नाही.

आज इथे तिघं वाजवणार आहेत: व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो. युरोपात या प्रकाराला ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात, म्हणजे सरळसरळ खोलीतलं संगीत. एखाद्या घराच्या दालनात, मोजक्या माणसांसमोर वाजवायचं. आपण ज्याला बैठक म्हणतो, तेच. आपली बैठक पुढे सभागृहात गेली आणि स्पीकरला टांगली गेली. त्यांचीही सभागृहात गेली, पण स्पीकरपासून बहुतेक वाचली.

दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो असा चौघांचा संच जगभर जास्त चालतो. तिघांचं काम अवघड. तीन स्वरांचा मेळ भरायला तिघंही लागतात. एकानं गज उचलला की तिथे भगदाड पडतं. म्हणून कुणा ना कुणाला एकाच वेळी दोन तारांवर गज ओढावा लागतो. युरोपी संगीतकार बेथोवननं तरुणपणी अशा पाच रचना केल्या, १७९८ पर्यंत छापून मोकळा झाला, आणि पुन्हा या वाटेला गेला नाही.

(वाद्यांचे जवळून शॉट. राळेची पांढरी धूळ.)

व्हायोलिन आपल्या ओळखीचं. आपण ते मांडी घालून, त्याचं डोकं घोट्याशी टेकवून वाजवतो आणि तारा सा-पा-सा-पा अशा लावतो. इथे ते खांद्यावर आहे, आणि प्रत्येक तार तिच्या खालच्या तारेचा पंचम आहे, म्हणजे खालची सा धरली तर वरची पा. चेलो मोठा, जमिनीवर खुंटी रोवून गुडघ्यांत धरायचा. त्याच्या आवाजाबद्दल फार बोलायला नको, तो ऐकताक्षणी कुणालाही आवडतो.

बोलायला हवं ते व्हिओलाबद्दल. ही मधली. व्हायोलिनच्या एक पंचम खाली लागते, आणि तिच्या बरोबर एक सप्तक खाली चेलो. व्हायोलिनचं खोकं साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर लांब, हिचं चाळीसच्या आसपास. खरं तर इतक्या खालच्या स्वरांना खोकं याहून बरंच मोठं हवं. पण ते खांद्यावर धरायचं तर माणसाचा हात पुरणार नाही. म्हणून तडजोड. त्या तडजोडीतूनच हिला तो थोडा घोगरा, नाकातला गळा मिळालाय. परदेशी वाद्यवृंदांत व्हिओलावाल्यांवर विनोद करायची जुनी रीत आहे. विनोद आम्ही ऐकलेत. सांगणार नाही, कारण आज व्हिओला वाजवणारी मुलगी या घराची भाची आहे.

(आत्या. खिडकीजवळ, हातात अडकित्ता.)

आणि या तिच्या आत्या. आता गल्लीलाही आत्याच. त्या म्युझिक कॉलेजात गाणं शिकल्या, सुरसागर तलावाच्या काठावर. त्या कॉलेजाचं मूळ १८८६ सालच्या गायनशाळेत आहे. सयाजीराव महाराजांनी ती काढली आणि उस्ताद मौलाबक्षांच्या हाती दिली. चिजा, म्हणजे बंदिशी, पेटाऱ्यात कुलूप लावून ठेवायच्या त्या काळात मौलाबक्षांनी त्या स्वरलिपीत उतरवून वर्गात शिकवायला घेतल्या. त्यांचे चिरंजीव लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून आले. नातू इनायत खाँ इथेच बडोद्यात १८८२ साली जन्मले आणि १९१० मध्ये आपलं संगीत घेऊन पश्चिमेकडे गेले. तेव्हा समोर कागद ठेवून वाजवणारी माणसं पाहून या गावानं दचकायचं कारण नाही.

आत्यांची अडचण वेगळीच होती. दुपारच्या तालमीत त्यांनी भाचीला विचारलं, “अगं, तुमच्यात तंबोरा नाही. मग सा कुठे असतो?”

(तालीम. तिघं एकच मेळ पुन्हा पुन्हा धरतात.)

आम्ही हा लघुपट काढला तो या प्रश्नामुळे. भाची म्हणाली, “फिरत असतो, आत्या. थोडा वेळ एका घरी, मग दुसऱ्या. तिघांनी मिळून सांभाळायचा.”

आत्यांना ते पटलं नाही. मग तिघांनी एक लांब मेळ धरला. चेलोकडे षड्ज, म्हणजे सा, व्हायोलिनकडे पंचम, व्हिओलाकडे गंधार, म्हणजे ग. पहिल्यांदा बरा वाटला. भाचीनं मान हलवली, बोट केसभर मागे घेतलं, गंधार किंचित उतरवला. आणि खोली एकदम गप्प झाल्यासारखी वाटली, आवाज तेवढाच असून.

आत्या अडकित्ता ठेवून म्हणाल्या, “हा स्वयंभू गंधार.”

बरोबर. पेटीचा आणि पियानोचा गंधार ठरलेल्या जागी बसवलेला असतो, शुद्ध गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट चढा. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तंबोरा उत्तम जुळला की खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तो खालचा, शांत. या तिघांत पियानो नाही, वाद्यांना सतारीसारखे पडदे नाहीत. म्हणून प्रत्येक मेळात ते बोटानं तो गंधार शोधतात. तंबोरा दिसत नसला तरी तिघांच्या कानांत आहे.

(संध्याकाळ. साठेक माणसं. पंखे बंद.)

सुरुवात शूबर्टच्या एका त्रिकूटानं. १८१६ सालची, एकोणीस वर्षांच्या पोराची रचना. पहिला भाग पूर्ण, दुसरा सुरू करून सोडून दिलेला. पूर्ण आहे तेवढाच वाजला, गोड वाजला, आणि चहा आला.

चहानंतर मोझार्ट. सहा भाग, जवळजवळ पाऊण तास. २७ सप्टेंबर १७८८ ला व्हिएन्नात ही रचना पूर्ण झाली. त्याच उन्हाळ्यात त्यानं शेवटच्या तीन सिंफनी संपवल्या होत्या आणि पुखबेर्ग नावाच्या कापडव्यापारी मित्राकडे उसनवारीसाठी पत्रांवर पत्रं लिहिली होती. ही रचना त्याच मित्रासाठी. रचनेच्या नावाचा अर्थ ‘करमणूक’. उसने पैसे कशाने फेडले जातात ते जो तो ठरवो. आमच्या मते पुखबेर्ग फायद्यात राहिला.

(आत्यांचा चेहरा. कॅमेरा हलत नाही.)

पहिला भाग तिघांनी एकाच सुरावटीत, दबक्या आवाजात, उतरत सुरू केला. तो संपला तेव्हा खिडकीतून “चेक, चेक” आलं आणि सगळे हसले. चेलोवालाही.

मग संथ भाग. चेलो खालून एकेक पायरी चढत वर येतो. दोन-तीन आवर्तनांएवढा वेळ गेला असेल. आत्यांचा हात मांडीवर फिरू लागला. शेजारच्या बाईंकडे झुकून त्या पुटपुटल्या, “काळी चार. माझीच पट्टी.” काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. तिलाच सा धरून आत्या गातात, आणि या भागाचा सा तिथेच होता.

चौथा भाग साध्या, लोकगीतासारख्या चालीवर. तीच चाल वेगवेगळ्या रूपांत येते, मध्येच उदास होते. शेवटी व्हायोलिन धावत्या तानांवर ताना घेतं, आणि व्हिओला मधोमध मूळ चाल लांब, सरळ स्वरांत धरून चालते. १७८९ च्या एप्रिलमध्ये ड्रेस्डेनला ही रचना वाजली तेव्हा व्हिओला खुद्द मोझार्टच्या हातात होती.

(कार्यक्रमानंतर. रिकाम्या कपबश्या.)

“त्या शेवटच्या फेऱ्यात तू नुसती चीज वाजवत होतीस?”

“हो, आत्या. कष्ट सगळे याचे.” भाची व्हायोलिनवाल्याकडे बोट दाखवते.

“हं. समोर कुणी ताना मारत असताना चीज धरून ठेवणं सोपं वाटतं होय तुला?”

गज सैल होतात. तारांवरची राळ फडक्यानं पुसली जाते. बाहेर ढोल सुरू झालाय. आत्या उठून खिडकी लावून घेतात आणि तिथूनच म्हणतात, “तो काळी चारवाला भाग. तेवढाच पुन्हा होईल का रे?”

तिघं एकमेकांकडे बघतात. चेलोवाल्यानं पेटीच्या कड्या नुकत्याच लावल्यात.

तो वाकून पहिली कडी उघडतो.