अस्वलं चर्चच्या दारात

नमस्कार श्रोतेहो.

कार्यक्रमपत्रिकेत आजच्या भाषणाचं नाव छापलंय ‘कॅथलिक चर्चचा कारभार आणि सरकारी कायदे’. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. कायदा थोडकाच आहे. अस्वलं मोठी आहेत.

आधी कायदा उरकून टाकू. देश फ्रान्स. 1801 साली नेपोलियननं पोपशी करार केला. तेव्हापासून बिशप कोण व्हायचा ते सरकार सुचवायचं आणि फादरांचा पगारही सरकारी तिजोरीतून निघायचा. शंभर वर्षं हे चाललं. मग 9 डिसेंबर 1905 रोजी फ्रान्सनं कायदा केला की यापुढे सरकार कुठल्याच धर्माला मान्यता देणार नाही आणि पगारही देणार नाही. तुमचं तुम्ही बघा, आमचं आम्ही बघतो.

इथवर कोणाला वाटेल, मोकळे झाले दोघं. पण घर वेगळं करताना भांडीकुंडी वाटावी लागतात ना, तसा प्रश्न आला. चर्चची मालमत्ता सांभाळणार कोण? कायदा म्हणाला, गावोगावी उपासना मंडळं नोंदवा. हजाराच्या आतलं गाव असेल तर किमान सात सभासद, त्याहून मोठं असेल तर पंधरा, वीस हजारांच्या वर पंचवीस. दरवर्षी सभा घ्यायची, हिशेब मंजूर करून घ्यायचे, सरकारी तपासनीस आला की वह्या दाखवायच्या.

सात सभासद! आपल्याकडे 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायलाही सातच लागतात. ते सात कसे जमतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. अध्यक्ष स्वतः, चिटणीस मेहुणा, खजिनदार शेजारचे निवृत्त गुरुजी, आणि सातवी सही स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बाईंची, पीठ लागलेल्या हातानं केलेली. माझं तर मत आहे की महाराष्ट्रातल्या निम्म्या संस्था त्या पिठाच्या ठशावर उभ्या आहेत. असो.

तर मंडळं. प्रॉटेस्टंटांनी ती काढली, ज्यूंनीही काढली, कारण त्यांच्याकडे मंडळानं कारभार बघायची रीत आधीपासूनच होती. कॅथलिकांचं तसं नाही. तिथे अधिकार वरून खाली उतरतो, पोपकडून बिशपकडे आणि बिशपकडून फादरकडे. आणि या मंडळात बिशपची जागा कुठे, याबद्दल कायदा गप्प. एकाच चर्चवर दोन मंडळांनी हक्क सांगितला, तर निवाडा सरकारची परिषद, म्हणजे सरकारी कारभाराचं सर्वांत वरचं न्यायालय, करणार. पोप दहावे पायस यांना खटकलं ते हेच. हिशेब मागणं वेगळं आणि घरात कारभारी कोण हे ठरवणं वेगळं. पुन्हा सांगतो, कारण पुढे हेच लागणार आहे. हिशेब मागणं वेगळं, कारभारी ठरवणं वेगळं.

पण गावातला शेतकरी काही कायद्याची कलमं वाचत नाही. त्याला भडकायला वेगळं निमित्त मिळालं. मालमत्ता मंडळांकडे सोपवायची म्हणजे आधी यादी हवी. म्हणून सरकारी कारकून कागद-दौत घेऊन चर्चमध्ये शिरले आणि मोजू लागले. मेणबत्तीदाण्या किती, बाकं किती, पेले किती. त्यातच 2 जानेवारी 1906 च्या परिपत्रकात एक ओळ होती की वेदीवरची पवित्र पेटीसुद्धा उघडायला सांगावी. कॅथलिक माणसाच्या श्रद्धेप्रमाणे त्या पेटीत ख्रिस्ताचं शरीर असतं. तलाठी पायताणासकट गाभाऱ्यात शिरला आणि म्हणाला, ‘जरा देव बाजूला करा, खालचा पाट चांदीचा आहे का बघू,’ तर आपल्या गावात काय होईल? तेच तिथे झालं. पॅरिसमध्ये चर्चच्या आत खुर्च्यांचे अडसर रचले गेले, पोलिसांशी मारामाऱ्या झाल्या.

आणि आता अस्वलं.

फ्रान्स आणि स्पेन यांच्यामध्ये पिरेनीज पर्वत आहे. त्यात आरिएज नावाचा जिल्हा, त्यात एर्से नावाचं गाव आणि त्याला लागून कोमिनाक नावाची वाडी. डोंगरउतार, दगडी घरं, शेती जेमतेम. त्या भागातल्या माणसांचा धंदा काय? अस्वलं नाचवणं! डोंगरातून पिल्लू धरून आणायचं, वेसण घालायची, काठीवर उभं राहायला शिकवायचं आणि मग ते घेऊन देशोदेशी हिंडायचं. नुसतं युरोपात नाही हो, ही माणसं बोटीत अस्वल घालून अमेरिकेपर्यंत गेली.

आपल्या लहानपणी दरवेशी यायचा, आठवतंय? डमरू वाजलं की पोरं घरातून बाहेर आणि कुत्री घरात. भीती जावी म्हणून आईनं मला एकदा अस्वलाच्या पाठीवर बसवलं होतं. ओल्या गोणपाटासारखा वास येत होता त्याच्या अंगाला. भीती काही गेली नाही, तो वास मात्र अजून नाकात आहे. आता तो खेळ कायद्यानं बंद आहे आणि बरंच झालं. त्या जनावराचे हाल बघवत नसत.

तर 1906 साली कोमिनाकच्या चर्चची मोजदाद करायला सरकारी माणसं निघाली. वाडीत बातमी आधीच पोचली होती. दुसऱ्या गावांत लोकांनी दारं आतून लावून घेतली, घंटा बडवल्या, दगड गोळा केले. कोमिनाककरांनी विचार केला, आपल्याकडे काय आहे? जे होतं ते त्यांनी आणलं. चर्चच्या दारात अस्वलं आणून उभी केली! शेजारी काठ्या घेतलेले मालक. मागे गाव.

तो कारकून डोळ्यांसमोर आणा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून चढण चढून आलाय, धाप लागलीय, बगलेत वही आहे. वर येऊन बघतो तर दारात अस्वल. परिपत्रकात पवित्र पेटीचं काय करायचं ते लिहिलंय, अस्वलाचं काय करायचं ते लिहिलेलं नाही. वरिष्ठांना विचारावं तर वरिष्ठ खाली, दरीत. त्या भागात अजून सांगतात की साहेब आल्या पावली परतले. त्या प्रसंगाचं छायाचित्र आहे, त्याची पोस्टकार्डं छापली गेली. चर्चचं दार, माणसं आणि अस्वलं. गंमत बघा, त्या चित्रात सगळ्यांत शांत कोणी असेल तर ती अस्वलंच. त्यांना काय, गर्दी रोजचीच.

सगळीकडे असं हसण्यावारी गेलं नाही. 6 मार्च 1906 रोजी उत्तरेकडच्या बोशेप गावात चर्चमध्ये गोळी चालली आणि एक माणूस मेला. लगोलग सरकार पडलं. नवे गृहमंत्री क्लेमांसो हे चर्चचे कट्टर विरोधक, पण त्यांनीच संसदेत सांगितलं की मेणबत्तीदाण्या मोजण्यापायी माणसाचा जीव घालवणं परवडणारं नाही. ऑगस्टमध्ये पोपनी मंडळं काढायला साफ मनाई केली. मंडळ नाही, तर मालमत्ता द्यायची कोणाला? 1907 मध्ये सरकारनं पळवाट काढली. इमारती आमच्या, वापर तुमचा. शेवटी 1924 साली तोडगा निघाला. मंडळं गावाची नाहीत, धर्मप्रांताची, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या मुलखाची, आणि अध्यक्ष बिशपच. म्हणजे वहीखातं राहिलं आणि कारभारीही राहिला.

आपल्याकडेही हा वाद न्यायालयात येऊन गेलाय, फक्त तो चर्चचा नव्हता. 1954 साली मुंबईच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यावर जैन आणि पारशी विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालय म्हणालं, नोंदणी करा, हिशेब दाखवा, त्यात धर्म बुडत नाही. पण धर्मादाय आयुक्त स्वतःच धार्मिक संस्थेचा विश्वस्त होऊन बसणार असेल, तर ते चालणार नाही. पुन्हा तेच, हिशेब वेगळा, कारभारी वेगळा.

आणि फ्रान्समध्ये त्या भांडणात नक्की कोण जिंकलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. 1905 पूर्वीची बहुतेक गावांतली कॅथलिक चर्चं आज त्या त्या गावच्या नगरपालिकेच्या मालकीची आहेत आणि मोठी कॅथेड्रलं, म्हणजे बिशपची मुख्य चर्चं, सरकारची. पॅरिसचं नोत्र-दाम सरकारचंच. म्हणजे पोपनी मंडळं नाकारली, मंडळांकडे यायची ती मालमत्ता गेली. पण छप्पर गळलं की फादर नगराध्यक्षाकडे जातात आणि नगराध्यक्ष डोक्याला हात लावून कवलांचा खर्च काढत बसतो.

माझी वेळ संपली, समोरचे साहेब काचेतून हात हलवताहेत. नमस्कार.