कॅनव्हासच्या पाठीवरचं लेबल

श्रोतेहो, नमस्कार.

एक फोटो आहे. कृष्णधवल, किंचित अस्पष्ट. काळा पोशाख, गळ्यात मोत्यांची माळ घातलेली एक बाई बसली आहे आणि मागे भिंतीवर चित्रं टांगलेली आहेत. जर्मनीतली हेलेन बेल्ट्राकी हा फोटो दाखवून सांगायची, ‘ही माझी आजी, आणि हा आमच्या आजोबांचा संग्रह.’ प्रत्यक्षात आजीच्या वेशात बसली होती ती हेलेनच. युद्धापूर्वीचा फोटोचा कागद मुद्दाम मिळवला होता. भिंतीवरची चित्रं तिच्या नवऱ्याच्या, वोल्फगांगच्या हातची.

वोल्फगांग समोर चित्र ठेवून नक्कल करत नसे. जुन्या यादीत नाव आहे, पण चित्राचा ठावठिकाणा नाही, अशी जागा तो हेरायचा. जुन्या बाजारातून त्या काळचा कॅनव्हास आणायचा, वरचा रंग खरवडायचा आणि ते ‘हरवलेलं’ चित्र रंगवायचं. काम्पेनडोंक या चित्रकाराच्या नावावर त्यानं असंच घोड्यांचं एक लाल चित्र काढलं, साल घातलं १९१४. कोलोनच्या लिलावात २००६ साली ते २८ लाख ८० हजार युरोंना गेलं! पुढे प्रयोगशाळेत रंग तपासला, तर त्यात टायटॅनियम व्हाइट निघाला. १९१४ मध्ये चित्रकारांना हा पांढरा रंग मिळतच नव्हता.

मला मात्र खरी चीड येते ती कॅनव्हासच्या पाठीवर चिकटवलेल्या, चित्र कुणाच्या संग्रहातलं ते सांगणाऱ्या बनावट लेबलाची. त्यावर नाव होतं आल्फ्रेड फ्लेश्टहाइम यांचं. बर्लिन आणि ड्युसेलडॉर्फमध्ये नावाजलेले हे ज्यू चित्रविक्रेते १९३३ साली नाझींमुळे देशोधडीला लागले आणि १९३७ मध्ये लंडनला वारले. त्यांची चित्रं कुठल्या कुठे पांगली. कागदपत्रांत जे खिंडार पडलं, नेमकं त्यातूनच बेल्ट्राकी आत शिरला. ज्याचं सर्वस्व गेलं, त्याच्याच नावाचा शिक्का खोट्या मालावर मारायचा! हा हातचलाखीचा किस्सा म्हणून रंगवून सांगितला जातो, ते मला मुळीच पटत नाही.

२०११ साली कोलोनच्या न्यायालयानं वोल्फगांगला सहा वर्षांची आणि हेलेनला चार वर्षांची शिक्षा दिली. खटला चौदा चित्रांपुरता चालला. शेकडो चित्रं आपण केली, असं वोल्फगांग स्वतःच सांगतो.

फ्लेश्टहाइम यांच्या वारसांना मात्र खऱ्या चित्रांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या सरकारी संग्रहांवर त्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेत दावा लावला.