वस्तुमान कुठे आहे? जडत्व आघूर्णाची ओळख

पडद्यावर दिसणाऱ्या या उतारावर एक भरीव लाकडी चकती आणि एक पातळ धातूचे कडे शेजारी शेजारी ठेवले आहे. दोघांचे वस्तुमान सारखे आहे आणि त्रिज्याही सारखीच आहे. हात काढून घेतला की दोन्ही न घसरता गडगडत निघतात, आणि प्रत्येक वेळी चकतीच आधी खाली पोहोचते. तेवढेच अंतर जायला कड्याला सुमारे १५ टक्के अधिक वेळ लागतो. तराजूला या दोघांत काहीच फरक आढळत नाही, उतारावर मात्र तो दर खेपेला दिसतो. हा फरक ज्या राशीमुळे पडतो, तिला जडत्व आघूर्ण म्हणतात.

वस्तू सरळ रेषेत ढकलायची असेल, तर तिचे वस्तुमान किती आहे एवढे कळले की पुरते. ती फिरवायची असेल, तर ते वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरले आहे हेही पाहावे लागते. अक्षापासून १ मीटरवर एक कण आहे आणि तेवढ्याच वस्तुमानाचा दुसरा कण २ मीटरवर आहे, असे समजू. वस्तूची एक फेरी होते तेव्हा दोन्ही कणांची एकेकच फेरी होते. परंतु दुसऱ्या कणाचे वर्तुळ दुप्पट मोठे असल्यामुळे तेवढ्याच वेळात त्याला दुप्पट वाट चालावी लागते, म्हणजे त्याचा वेग दुप्पट असावा लागतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून या दूरच्या कणाला चौपट ऊर्जा पुरवावी लागते. प्रत्येक कणाचे वस्तुमान आणि त्याच्या अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग यांचा गुणाकार करून अशा सर्व गुणाकारांची बेरीज केली, की त्या वस्तूचे जडत्व आघूर्ण मिळते. सूत्र पाठ करण्याच्या घाईत हा वर्ग कुठून आला, हे विचारायचे बहुधा राहून जाते. आणि ज्याला तो वर्ग उमगला, त्याला पुढचे सारे सोपे जाते.

आता उताराकडे परत येऊ. कड्याचे सगळे वस्तुमान कडेलाच असल्यामुळे त्याचे जडत्व आघूर्ण वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग एवढे भरते. चकतीचे त्याच्या निम्मे असते, कारण तिचे बरेचसे वस्तुमान अक्षाजवळ आहे. खाली येताना मिळणाऱ्या ऊर्जेचा निम्मा भाग कड्याच्या नुसत्या फिरण्यात जातो, तर चकतीच्या फिरण्यात एक तृतीयांशच जातो आणि उरलेला दोन तृतीयांश तिला पुढे नेतो. या हिशेबात वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही बाजूंनी कटून जातात, त्यामुळे लहानशी हलकी चकतीसुद्धा मोठ्या जड कड्याच्या आधी पोहोचते.

‘या वस्तूचे जडत्व आघूर्ण किती?’ हा प्रश्न मात्र अक्ष सांगितल्याशिवाय अपुराच राहतो. १ किलोग्रॅम वस्तुमानाची, १.२ मीटर लांबीची आणि १ सेंटिमीटर त्रिज्येची ही सरळ दांडी पाहा. मध्यभागी धरून आडवी फिरवली, तर तिचे जडत्व आघूर्ण ०.१२ किलोग्रॅम मीटर वर्ग असते. टोकाशी धरून फिरवली, तर ०.४८, म्हणजे चौपट. आणि दोन तळहातांमध्ये धरून तिच्याच लांबीभोवती घुसळली, तर केवळ ०.००००५. दांडी तीच असूनही पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात २,४०० पटींचे अंतर आहे. एकमेकांना समांतर असलेल्या सर्व अक्षांपैकी वस्तुमानकेंद्रातून जाणाऱ्या अक्षाभोवती हे मूल्य सर्वांत कमी असते. तिथून अक्ष जितका सरकवावा, त्या अंतराचा वर्ग आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराइतकी त्यात भर पडते. आपल्या दांडीत ही भर ०.३६ आहे.

हात जवळ घेताच वेगाने गिरक्या घेऊ लागणारा बर्फावरचा स्केटर या विषयात बहुतेक सर्वत्र दाखवला जातो. उदाहरण अचूक आहे, परंतु त्यात कोनीय संवेगाची अक्षय्यताही, म्हणजे बाहेरून पीळ दिला नाही तर जडत्व आघूर्ण आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार कायम राहतो हा नियमही, मिसळलेला असतो, म्हणून पहिल्या ओळखीसाठी उतारच अधिक स्वच्छ वाटतो.

या राशीला तिचे नाव स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी दिले. ताठर वस्तूंच्या गतीवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ १७६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी, १६७३ मध्ये, डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी लंबकाच्या अभ्यासात वस्तुमान आणि अंतराचा वर्ग यांच्या याच बेरजा वापरल्या होत्या.

आणि ज्या वस्तूच्या आत आपण कधी उतरू शकत नाही, तिच्याविषयीही ही राशी बोलते. संपूर्ण गोल सारख्याच घनतेचा असेल, तर त्याचे जडत्व आघूर्ण वस्तुमान आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या ०.४ पट असते. पृथ्वीच्या अक्षाचे सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पूर्ण करणारे परांचन (भोवऱ्याच्या अक्षासारखे संथ डोलणे) आणि कृत्रिम उपग्रहांच्या कक्षांत होणारे सूक्ष्म बदल, ही दोन्ही मोजमापे एकत्र केली की पृथ्वीसाठी हा गुणक सुमारे ०.३३ येतो. तो ०.४ पेक्षा कमी आहे, याचा अर्थ पृथ्वीचे वस्तुमान केंद्राकडे दाटलेले आहे. भूकंपलहरींनी दाखवलेला लोखंडाचा जड गाभा याच निष्कर्षाशी जुळतो. चंद्राचा गुणक मात्र सुमारे ०.३९३ आहे, म्हणजे त्याच्या आत असा गाभा असलाच, तर तो फार लहान असला पाहिजे.