पाटीवरचं नाव

(ओव्हल मैदान, सकाळ. मुलांचा क्रिकेटचा सराव चालू आहे. मागे राजाबाई टॉवर.)

या मनोऱ्याखालून रोज हजारो माणसं जातात. मान वर करून घड्याळ बघतात आणि पाय उचलतात. राजाबाई कोण होत्या, हे विचारायला सवड कुणाला असते? माझं मात्र कामच ते आहे.

मी एका विद्यापीठाच्या देणगी विभागात आहे. लहान देणग्यांसाठी आता क्यूआर कोड आहे, त्या आपोआप येतात. माझ्याकडे मोठ्या देणग्या असतात. एका माणसाने किंवा एका कुटुंबाने द्यायच्या, एखादी प्रयोगशाळा, वसतिगृह किंवा अध्यासन, म्हणजे एखाद्या विषयाचं कायमचं प्राध्यापकपद, उभं राहील अशा. नोकरी लागली तेव्हा आईने विचारलं होतं, "म्हणजे तू वर्गणी मागत फिरणार?" तिला नीट समजावून सांगायला मला काही वर्षं लागली. कारण आधी मलाच ते समजायचं होतं.

(मनोऱ्याचं शिखर. मग हळूहळू खाली, ग्रंथालयाच्या रंगीत काचांवर.)

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. सात वर्षांनी, १८६४ मध्ये, प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. त्याच वर्षी आणखी दोन लाख मनोऱ्यासाठी. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता आणि प्रेमचंद शेअर बाजाराचे राजे होते. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, कापूस कोसळला, बॅक बेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीचे शेअर कागदाच्या मोलाचे झाले. प्रेमचंदांचं साम्राज्य बुडालं. पण दिलेले चार लाख विद्यापीठाकडे सुरक्षित होते. बांधकाम १८६९ मध्ये सुरू झालं, १८७८ मध्ये पूर्ण झालं. आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलेही नाहीत.

असं सांगतात की, राजाबाईंना दिसत नव्हतं. त्या जैन, सूर्यास्ताआधी जेवायच्या. घंटेच्या आवाजावरून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने हे केलं. आख्यायिका असेल. पण माझ्या कामात अशा गोष्टी मी फार गंभीरपणे घेते. माणूस पैसे कशासाठी देतो, याचं उत्तर ताळेबंदात नसतं, अशाच एखाद्या गोष्टीत असतं.

(विद्यापीठातलं कार्यालय. टेबलावर फायली, पावतीपुस्तक, चहाचा कप.)

आता कामाबद्दल. वर्षातले बरेच दिवस मी पैशाचा विषयसुद्धा काढत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या जुन्या नोंदी वाचते. कोण कुठल्या वसतिगृहात होतं, कुणाला कुठल्या मास्तरांनी फी भरायला मदत केली होती. मग पत्र, फोन, भेट. पुन्हा भेट. पहिल्या भेटीपासून करारावर सही होईपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात.

आणि मग कागद. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईहून पैसे पाठवतो तेव्हा एक नियम, आणि ठाण्याचाच मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर दुसरा. त्याची देणगी परदेशी ठरते, ती फक्त दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावी लागते. देणगीवरची आयकराची सवलत, जिला सगळे ८० जी म्हणतात, ती जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. हे देणगीदाराला आधी सांगायचं, चेक घेतल्यावर नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो कायम निधी समजावण्यात. समजा, मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी एक कोटी दिले. ते खर्च होत नाहीत. सात टक्क्यांनी वर्षाला सात लाख येतात. त्यातले काही पुन्हा मुद्दलात घालायचे, नाहीतर वीस वर्षांनी महागाई त्या शिष्यवृत्तीचं पाणी पाणी करते. उरलेल्यातून मुली शिकतात. दरवर्षी, देणारा असो वा नसो. हे ऐकल्यावर माणूस क्षणभर गप्प होतो. त्या शांततेत मी बोलत नाही.

एक गोष्ट मात्र लगेच बोलते. "नातवाच्या ॲडमिशनचं तेवढं बघा" असं कुणी म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं. प्रवेशासाठी देणगी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा नसता तरी मी थांबले असते. मी मोठ्या रकमेचा एक चेक परत नेऊन दिला आहे. त्या दिवशी ऑफिसात माझ्याशी कुणी फार बोललं नाही. तरी मला त्या चेकचा आजही अभिमान आहे.

(काळ्या ग्रॅनाइटची पाटी. अक्षरं कोरणारे हात.)

आणि ही पाटी. ही दुसरी आहे. पहिली फोडावी लागली.

एक निवृत्त अभियंता. त्यांनी नाव सांगायला मनाई केली आहे. आईच्या स्मरणार्थ मुलींसाठी शिष्यवृत्ती आणि एक वाचनकक्ष द्यायचा होता. तीन वर्षांत मी त्यांच्या घरी अकरा वेळा गेले. करार झाला, रक्कम जमा झाली, पाटी घडवून आली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते कक्ष बघायला आले. पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, भरून आलं असेल.

मग म्हणाले, "मॅडम, हे नाव आमच्या घरातलं. आई सातवी पास झाली तेव्हा तिचं नाव वेगळं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद आणला. प्लास्टिकच्या पिशवीत, घड्यांवर फाटलेला. व्हर्नाक्युलर फायनलचं, म्हणजे तेव्हाच्या सातवीच्या परीक्षेचं सर्टिफिकेट. त्यावर आईचं माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, शाळा सुटली, आणि हा कागद ट्रंकेच्या तळाशी गेला. शिकलेल्या मुलीचं नाव त्या कागदाशिवाय कुठेच उरलं नव्हतं. मुलाला पाटीवर तेच हवं होतं.

आमच्या फॉर्ममध्ये 'कोणाच्या स्मरणार्थ' असा रकाना आहे. मी तो मृत्यूच्या दाखल्यावरून भरला होता. अकरा वेळा त्या घरी चहा प्यायले, आणि आईबद्दल इतकं ऐकूनही हा एक प्रश्न विचारला नाही. चूक माझी होती. ते रागावले नाहीत, त्यामुळे ती जास्त लागली. कार्यक्रम महिनाभर पुढे गेला.

(चर्चगेट स्टेशन. गर्दीतून कॅमेरा उत्तरेकडे वळतो. रस्त्याची पाटी: नाथीबाई ठाकरसी मार्ग.)

राजाबाई टॉवरपासून इथे यायला पायी पंधरा मिनिटं पुरतात. मनोऱ्याएवढं उंच इथे काही नाही. पण माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट या रस्त्यावर आहे.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. विधवांसाठी त्यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला, १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. दिवसभर शिकवायचं आणि संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला जायचं. सुट्टी लागली की गावोगाव वर्गणीसाठी फिरायचं. त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना बाया म्हणत, त्याही आश्रमासाठी दारोदार गेल्या. बाया आधी गोदूबाई होत्या, विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. १८९३ मध्ये कर्व्यांशी लग्न झालं आणि त्या आनंदीबाई झाल्या. बघा, इथेही दोन नावं.

पुढे जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती पडली. १९१५ च्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं असं मांडलं, आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. मोजक्या मुली, मराठीतून उच्च शिक्षण, सरकारची मान्यता नाही. पैसा म्हणजे पुन्हा वर्गणीच. वय ५८.

चार वर्षांनी, १९२० मध्ये, मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले. विठ्ठलदास जपानला गेले होते, त्यांनी ते महिला विद्यापीठ स्वतः पाहिलं होतं. एकाने पुस्तिकेत वाचलेलं दुसऱ्याने डोळ्यांनी बघितलेलं. विद्यापीठाला नाव मिळालं त्यांच्या आईचं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपण सगळे म्हणतो ते एसएनडीटी.

पंधरा लाख ही नुसती श्रीमंताची उदारता नव्हती. त्याच्याआधी वीस-चोवीस वर्षांची पावतीपुस्तकं होती, आणि पैशापैशाचा हिशेब ठेवणारा, स्वतःच्या विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे करणारा माणूस होता. मोठा देणगीदार रकमेआधी हे बघतो. विठ्ठलदास १९२२ मध्ये गेले. पण घराचा धागा तुटला नाही. एसएनडीटीला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर पहिल्या कुलगुरू झाल्या त्यांच्या पत्नी, लेडी प्रेमलीला ठाकरसी. कर्वे मात्र पंधरा लाखांनंतरही थांबले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान, मग आफ्रिका. मोम्बासा, झांझिबार, दक्षिण आफ्रिका. विद्यापीठाची ओळख करून देत, निधी जमवत.

(पवई. आयआयटीचं प्रवेशद्वार, सायकलवरून जाणारे विद्यार्थी.)

जून २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन नीलेकणी यांनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. बातम्यांत आकडा गाजला. माझं लक्ष दुसरीकडे होतं. ते १९७३ मध्ये इथे शिकायला आले, म्हणजे त्या देणगीला पन्नास वर्षांचं निमित्त होतं. आणि त्याआधी ८५ कोटी देऊन झाले होते, त्यात वसतिगृहंही होती. विद्यार्थी म्हणून जिथे राहिलो, तिथून सुरुवात. हे मला कर्व्यांच्या हिंगण्याच्या रस्त्याइतकंच ओळखीचं वाटतं.

(पुन्हा कार्यालय. संध्याकाळ. एक वही उघडली जाते.)

उद्या साताऱ्याला जायचं आहे. एक बाई आहेत, आमच्या जुन्या विद्यार्थिनी, पंच्याहत्तरीच्या. पहिलीच भेट. पैशाचा विषय निघणार नाही. वहीत आज फक्त दोन ओळी लिहिल्या आहेत.

आईचं सासरचं नाव, आणि पुढे कोरी जागा.

आईचं माहेरचं नाव, आणि पुढे कोरी जागा.