आठ ग्लासांचा हिशेब

पाणी रोज किती प्यावं, असं रुग्ण विचारतो तेव्हा त्याला एक आकडा हवा असतो. खरं तर आकडा त्याच्याकडे आधीच असतो. आठ ग्लास! माझ्याकडून त्याला फक्त शिक्का हवा असतो. मी तो मारत नाही, म्हणून काही जण नाराज होऊन जातात. आज तुमच्यापैकी काही जण तसेच नाराज होतील, त्याची आधीच माफी मागून ठेवतो.

हा आठाचा आकडा आला कुठून? बहुतेक जाणकारांचं बोट १९४५ सालाकडे जातं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळानं त्या वर्षी लिहिलं, की प्रौढ माणसाला साधारणपणे दिवसाला अडीच लिटर पाणी पुरतं, म्हणजे अन्नाच्या दर कॅलरीमागे एक मिलिलिटर. पुढचंच वाक्य असं होतं, की यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं तिथेच राहिलं. पुढे डार्टमथ मेडिकल स्कूलमधले हाइन्झ व्हाल्टिन यांनी या सल्ल्याचा शास्त्रीय आधार शोधायला घेतला. हयात मूत्रपिंडाच्या अभ्यासात घालवलेला माणूस. २००२ साली त्यांनी लेख लिहून सांगितलं, की समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या, फारसे कष्ट न करणाऱ्या निरोगी प्रौढानं रोज आठ ग्लास प्यायलाच हवेत, याला आधार सापडत नाही.

अन्नातलं पाणी आपण हिशेबात धरतच नाही. काकडीत शेकडा पंच्याण्णव भाग पाणीच असतं. शिजवलेलं धान्य, फळं, दूध, भाज्या, सगळ्यांत पाणी आहे. शिवाय अन्न शरीरात जळतं तेव्हा त्यातूनही पाणी तयार होतं, दिवसाला साधारण पाव लिटर किंवा थोडं जास्त. हे पाणी आपण प्यायलेलं नसतं, खाल्लेलंही नसतं. ते आतच जन्माला येतं. मला ही गोष्ट अजून गमतीची वाटते.

आता मूत्रपिंडाकडे येतो. इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण खरा हिशेबनीस तोच. आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. किती परत घ्यायचा, हे ठरतं मेंदूत. तिथल्या काही पेशी रक्त किती दाट झालंय, हे सतत चाखत असतात. रक्तातल्या क्षारांची दाटी शेकडा एक-दोननं जरी वाढली, तरी व्हासोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते मूत्रपिंडातल्या नलिकांना पाण्याची दारं उघडायला लावतं. ‘दारं’ हा शब्द मी शोभेसाठी वापरत नाही. अॅक्वापोरिन नावाची ती प्रथिनं खरोखरच फक्त पाणी आरपार जाऊ देणारी छिद्रं असतात, आणि त्यांच्या शोधाबद्दल पीटर अॅग्री यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दारं उघडली की पाणी रक्तात परत जातं, लघवी कमी आणि गडद होते. जास्त पाणी प्यायलात तर संप्रेरक थांबतं, दारं मिटतात, लघवी पाण्यासारखी होते. शरीरातला कचरा बाहेर टाकायला दिवसाला किमान अर्धा लिटर लघवी लागते. त्याच्या वर दहा लिटरपर्यंतही मूत्रपिंड सांभाळून नेतं. म्हणजे तुम्ही आज पाच ग्लास प्यायलात की नऊ, रक्ताच्या पातळीवर फरक जवळजवळ पडत नाही. फरक पडतो तो तुम्ही किती वेळा उठता यात.

‘तहान लागली म्हणजे उशीर झाला’ असं एक वाक्य फार फिरतं. ते मला पटत नाही. तहान लागते ती दाटी शेकडा दोनच्या आसपास वाढली की. शरीर कोरडं पडलं असं ज्याला आम्ही म्हणतो, ती अवस्था पुढे, पाचच्या आसपास येते. तहान ही आधी वाजणारी घंटा आहे. तिचं विझणंही असंच. प्यायलेलं पाणी रक्तात पुरेसं मिसळायला दहा-पंधरा मिनिटं तरी जातात, पण तहान त्याच्या कितीतरी आधी भागते. घशातून किती गेलं, याचा अंदाज मेंदू घेतो आणि पुढच्या हिशेबावर आत्ताच सही करतो.

मग अधिकृत आकडे आहेत, त्यांचं काय? अमेरिकेचा २००४ सालचा आकडा पुरुषांसाठी ३.७ लिटर, स्त्रियांसाठी २.७. युरोपचा २०१० सालचा, अनुक्रमे अडीच आणि दोन. दोन्हींत अन्नातलं पाणी धरलेलं आहे. माणूस तोच, आणि पुरुषांच्या आकड्यांत लिटरभराहून जास्त तफावत! कारण अमेरिकेचा आकडा मुख्यत्वे निरोगी लोक प्रत्यक्षात किती पाणी घेतात, त्यावरून काढलेला आहे. म्हणजे लोक जेवढं पितात तेवढं पुरतं, म्हणून तेवढं प्यावं. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात २३ देशांतल्या ५,६०४ माणसांचा अभ्यास आला. आठ दिवसांच्या बाळापासून ९६ वर्षांपर्यंतची माणसं. जड हायड्रोजनची खूण असलेलं पाणी देऊन त्यांच्या शरीरात रोज किती पाण्याची उलाढाल होते, ते मोजलं. वय, वजन, कष्ट, उष्णता, दमटपणा, गर्भारपण, प्रत्येकानं आकडा हलला. सगळ्यांना एकच माप लावायचं कसं?

चहा-कॉफीचं पाणी धरायचं का, असा प्रश्न नेहमी येतो. धरायचं. कॅफीननं लघवी थोडी वाढते खरी, पण रोज पिणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय झालेली असते.

पण तहानेवर सगळ्यांनीच सोपवून चालत नाही, आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याला एकदा मुतखडा झाला, त्यानं तहान नसतानाही प्यावं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका चाचणीत असे रुग्ण पाच वर्षं पाहिले. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी शेकडा १२ जणांना पुन्हा खडा झाला, इतरांपैकी २७ जणांना. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या, मुळात कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांना रोज दीड लिटर जास्त प्यायला लावलं, तेव्हा वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, नेहमीइतकंच पिणाऱ्या तशाच स्त्रियांना ३.२ वेळा. इथे पाणी औषधासारखं काम करतं. पण ज्यांची मूत्रपिंडं आधीच दुबळी झाली आहेत, त्यांना जास्त पाणी पाजून ऱ्हास मंदावत नाही. २०१८ सालच्या चाचणीत ते दिसलं. हृदय थकलेल्या रुग्णाला तर आम्ही कधीकधी पाणी मोजूनच देतो.

अतिरेकही होतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा शेकडा १३ जणांचं सोडियम घसरलेलं होतं, तिघांचं जीव धोक्यात येईल इतकं. शर्यतीत ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं, म्हणजे घामावाटे गेलं त्याहून जास्त जे प्यायले, त्यांना धोका अधिक होता. मूत्रपिंड तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतं. त्याच्या पुढचं साचतं, रक्त पातळ होतं, मेंदूला सूज येते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी देऊ नये, याच्या कारणांपैकी हेही एक. त्याची मूत्रपिंडं अजून शिकत असतात.

आणि म्हातारी माणसं. त्यांच्या बाबतीत तहानेची घंटाच मंद होते. १९८४ साली निरोगी वृद्ध आणि तरुण पुरुषांना २४ तास पाण्याविना ठेवून पाहिलं. वृद्धांचं रक्त जास्त दाट झालं, तरी तहान कमी लागली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘पाणी हवंय का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नको’ असंच येणार. पाणी हातात द्या.

उरलेल्यांनी लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर ग्लासभर प्या. तहान आणि लघवी दोन्ही एकाएकी वाढल्या तर मात्र पाण्याचे ग्लास मोजत न बसता रक्तातली साखर तपासून घ्या. आणि ब जीवनसत्त्वाची गोळी घेतली असेल, तर त्या दिवशी रंगावर जाऊ नका.