दिसणं वेगळं, बघणं वेगळं: सी, लुक आणि वॉच

नमस्कार मंडळी!

(चष्मा काढून टेबलावर ठेवत) आता मला समोरचा कॅमेरा धड दिसत नाहीये. पण मी बघतेय त्याच्याकडेच. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, आजचं सगळं त्यांच्यातच आहे.

(चष्मा परत लावत) शाळेत काय लिहून घेतलं होतं? सी म्हणजे पाहणे, लुक म्हणजे पाहणे, वॉच म्हणजे... पाहणेच! मग गोंधळ होणार नाही तर काय? आणि गंमत म्हणजे सी आणि लुकमधला फरक आपण मराठीत रोज, न चुकता करतो.

दिसायला काही करावं लागत नाही, डोळे उघडे असले की झालं. म्हणून आपण 'मला दिसतं' म्हणतो. हे 'मला'वालं क्रियापद म्हणजे सी. बघायला मात्र मान वळवावी लागते, तिथे 'मी' येतो. तो लुक. 'मी बघितलं, पण मला दिसलं नाही.' आय लुक्ड, बट आय डिडन्ट सी इट. फ्रिजमध्ये नाकासमोर ठेवलेली लोणच्याची बरणी न सापडणाऱ्या माणसांचं हे लाडकं वाक्य. आमच्याकडे आहेत एक, नाव घेत नाही.

कानाचंही तेच. मला ऐकू येतं, हिअर. मी ऐकते, लिसन. ऑनलाइन मीटिंगमध्ये 'कॅन यू हिअर मी?' म्हणजे आवाज पोचतोय का. पण साहेबांनी 'आर यू लिसनिंग?' असं विचारलं, तर नेटवर्क ठीक आहे, तुमचं लक्ष नाहीये.

एक बारीक खाच आहे इथे. 'माझ्याकडे बघ'मध्ये 'कडे' आहे, म्हणून 'लुक ॲट मी'मधला 'ॲट' आपल्याला आठवतो. 'माझं ऐक'मध्ये तसं काहीच नाही, म्हणून तोंडून 'लिसन मी' निघून जातं. 'लिसन टू मी' म्हणायचं.

आता वॉच. हा वेकचा भाऊबंद, म्हणजे मुळात जागं राहणं. वॉचमन आठवा! आई फोनवर बोलता बोलता ओरडते, 'अगं, दुधाकडे बघ!' तिथे तुम्ही लुक केलंत, म्हणजे पातेल्यात एकदा डोकावून परत मोबाइलमध्ये शिरलात, तर दूध ओट्यावर. तिला म्हणायचंय वॉच द मिल्क. कडेला बुडबुडे येतात, साय हळूहळू फुगते, पुढच्या क्षणाला काय होईल सांगता येत नाही, म्हणून नजर तिथेच. क्रिकेटची मॅच, अंगणात खेळणारी मुलं, सगळीकडे वॉच. फोटो जागचा हलत नाही, त्याला लुक ॲट पुरतं. सिनेमा थिएटरात जाऊन बघितला तर बहुतेकदा सी, घरी टीव्हीवर लावला तर वॉच. का, ते इंग्रजांना विचारा.

आपली मराठी एका ठिकाणी मात्र दगा देते. 'मला पक्षी दिसतोय' म्हणून आपण 'आय ॲम सीइंग अ बर्ड' म्हणतो. तसं नाही, 'आय कॅन सी अ बर्ड'. 'सीइंग'पुढे माणूस आला की भेटणं होतं, नाहीतर थेट प्रेमप्रकरण. 'आय ॲम सीइंग अ डॉक्टर' एवढंच म्हणालात, तर नातेवाईक तब्येत विचारतील की पत्रिका मागतील, सांगता येत नाही. पुढे 'टुमॉरो' जोडा, म्हणजे बहुधा तब्येतच विचारतील.

नाकापाशी येऊन मात्र इंग्रजी दमली. वास येणं आणि वास घेणं, दोन्हीला स्मेल. वर माणसाच्या अंगाला वास येतो, तोही स्मेलच! तेव्हा घरात गॅसचा वास आला, तर घाबरून नुसतं 'आय स्मेल' म्हणून थांबू नका, 'गॅस' हा शब्द पुरा करा. नाहीतर समोरचा खिडकी उघडेल खरी, पण शेगडीकडे न जाता तुमच्यापासून दोन पावलं लांब सरकेल.